काळा दोरा कुणाचा

हिंगोलीच्या छापखान्यात मी पिशव्या आणायला गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले, तिथून ही सगळी कटकट सुरू झाली. छापखानेवाले चाचा सरळ माणूस. दहा वर्षं आमच्या मसाल्याच्या पिशव्या तेच छापतात, कधी रंग इकडचा तिकडे नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पंख्याचं तोंड माझ्याकडं वळवलं, आणि एवढा पाहुणचार बघून मलाच शंका आली. मग त्यांनी मोबाईल पुढं धरला. त्यात एका कागदाचा फोटो होता. म्हणाले, भाभी, हे नाव आता तुमच्यासाठी छापता येणार नाही, सेनगाववाल्यांनी ट्रेडमार्कचा अर्ज टाकलाय, दुसऱ्या कुणाला छापून दिलं तर केस करू म्हणून सांगून गेलेत.

नाव म्हणजे ‘काळा दोरा’. आमच्या काळ्या मसाल्याचं नाव. आणि सेनगाववाले म्हणजे कुणी परके नव्हेत, आमचे जावई, माझ्या नणंदेचा नवरा. ज्या माणसाला आमच्या घरात कधी पाट मांडल्याशिवाय बसवलं नाही, ज्याच्या ताटात पहिली भाकरी पडल्याशिवाय घरातल्या कुणी घास घेतला नाही, तो माणूस माझ्या सासूनं कमावलेलं नाव आपल्या नावावर करून घेत होता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पाण्याचा ग्लास तसाच ठेवून मी उठले. चाचांचा त्यात काय दोष? पण त्यांनाही दोन शब्द ऐकवलेच. त्याची लाज नंतर वाटली, तेव्हा नाही.

आमच्या बाळापूरची बस धरली आणि कळमनुरी येईपर्यंत मी तोंडातल्या तोंडात बडबडत होते. शेजारची बाई हळूच सरकून बसली. तिला वाटलं असेल, बाई वेडी आहे.

आता हे नाव कुठून आलं ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. माझी सासू मेंढरं राखणाऱ्यांच्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून दोन काळ्या मेंढ्या आणि लोकर कातायची टकळी घेऊन आली. सासरे स्वभावानं चांगले, पण बायकोनं राबावं आणि आपण पारावर बसून जगाला सल्ले द्यावेत अशातले. मग सासूच आखाडा बाळापूरच्या बाजारात मसाला घेऊन बसायला लागली. मिरची, धने, खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा परतायचा, उखळात कुटायचा, आणि वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधायची. सुती दोरा मसाल्याचं तेल पिऊन फुगायचा आणि सुटायचा. म्हणून ती घरच्या मेंढ्यांच्या काळ्या लोकरीचा दोरा कातून बांधायची. गाठ अशी मारायची की एक टोक ओढलं की पुडी उघडली पाहिजे. चुलीपुढं बसलेल्या बाईचा एक हात पिठात असतो, एकाच हातानं तिला मसाला काढता आला पाहिजे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा स्वतःचा हात पिठात असायचा म्हणून तिला ते ठाऊक होतं.

नाव असं कुणी ठेवलंच नाही. बाजारच्या बायाच म्हणायला लागल्या, काळ्या दोऱ्याचा द्या. पुढं औंढ्याच्या एका दुकानात माल ठेवायला लागलो, तर नागनाथाच्या दर्शनाला आलेल्या बाया वर्षभराचा मसाला घेऊन जायच्या आणि पुढच्या वर्षी नाव घेऊनच मागायच्या.

मी या घरात आले ती बारावी झालेली सून. मीच ह्यांच्या मागं लागून मसाला कुटायची चक्की बसवली, नांदेडला जाऊन पहिली पिशवी छापून घेतली. पिशवीवर नाव, नावाखाली त्या गाठीचं चित्र. पिशवी मशीननं बंद होते, वर काही बांधायची गरज नाही, तरी आम्ही दोरा बांधतोच. दोरा नसलेली पिशवी बाई उलटीपालटी करून बघते आणि खाली ठेवून देते. सासू आता थकलीय, कुटत नाही, तिला ऐकूही कमी येतं. पण दोरा आजही तीच कातते. सकाळी ओसरीवर खांबाला टेकून बसते आणि दुपारपर्यंत तिची टकळी फिरत असते.

तर ते नाव.

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा मला या घरात येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्याकडं लग्न ठरलं की यादी करतात. दोन्हीकडची कारभारी माणसं सतरंजीवर बसतात, कुणी काय द्यायचं ते एकेक बोलून ठरवतात, आणि ज्याचं अक्षर चांगलं तो ते कागदावर उतरवतो. वर गणपतीचं नाव, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू, खाली दोन्हीकडच्यांच्या सह्या. दोन प्रती, दोन घरांत. त्या बैठकीत जे तोंडातून निघेल ते यादीत येतं, थट्टेत निघालं तरी येतं. बायका आतल्या खोलीत. आम्ही चहा करायचा आणि दाराआडून ऐकायचं.

यादीत काय काय होतं ते सगळं उगाळत बसत नाही. रोख होती, मोटारसायकल होती, कपाट होतं, भांडी होती. त्याला हुंडा म्हणायचं नाही, मानपान म्हणायचं. सगळं लिहून झालं आणि नवरदेवाचे वडील, त्यांचं सेनगावात किराणा दुकान, ते हसत हसत म्हणाले की पोरीसोबत तुमचा मसाला बी येऊ द्या, आमच्या दुकानात शोभून दिसंल. माझे सासरे लगेच फुलले. एवढ्या दुकानवाल्या व्याह्यानं आपल्यापाशी काही मागावं, याचाच त्यांना मान वाटला. लिहिणाऱ्याला म्हणाले, लिवा, काळा दोरा मसाल्याच्या छापील पिशव्या, पाच गठ्ठे. सगळे हसले, सह्या झाल्या, पानसुपारी फिरली. सासू तेव्हा आत चुलीपाशी होती. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे कुणाला सुचलंही नाही, आणि त्यात मीही आले.

पुढं दरवर्षी नणंद पंचमीला आणि दिवाळीला माहेरी यायची. जाताना सासू तिच्या ओटीत खणानारळासोबत दोऱ्याचा एक मोठा गुंडा घालायची. लेक आपली, तिच्या दुकानालाही दोरा लागतो, एवढाच तिचा हिशोब. जावयांचं दुकान वाढलं. आधी ते आमचाच मसाला विकायचे. मग कुठून तरी स्वस्तातला आणून आमच्या पिशव्यांत भरायला लागले, पिशव्या संपल्यावर तशाच स्वतः छापून घ्यायला लागले. एकदा मी त्यांच्याकडची पिशवी फोडून चव घेतली आणि ह्यांना म्हटलं, आवो, हा आपला मसाला न्हाई, ह्याच्यात मिरचीपेक्षा रंग जास्त हाय. ह्यांनी जिभेवर ठेवून बघितलं, मान हलवली, आणि म्हणाले, दाजींना काय बोलावं, घरचंच हाय. ‘घरचंच हाय’ हे आमच्या घरात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

छापखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना ओढतच हिंगोलीला वकिलाकडं नेलं. वकील तरुण, बोलायला कमी. त्यांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की जावयांचा अर्ज सरकारच्या जर्नलमध्ये छापून आलाय. छापून आल्यापासून चार महिन्यांच्या आत कुणालाही हरकत घेता येते. त्यातले तीन संपत आलेत. हरकत कुणी घेतली नाही तर नाव जावयांचं होणार, आणि मग आपलंच नाव घालून आपलाच मसाला विकायचा तर आधी आपल्याला कोर्टात उभं राहावं लागणार. अर्जासोबत जावयांनी प्रतिज्ञापत्र दिलं होतं. हे नाव आपल्या वडिलांच्या काळापासून आपल्याच दुकानाचं आहे, असं शपथेवर लिहून दिलं होतं. मी खुर्चीतून उठलेच. वकिलांनी हातानंच बसा म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं काय आहे? त्यांच्या लग्नाच्या आधीचं एखादं बिल, पावती, जाहिरात, लायसन?  बाजारात पोतं टाकून बसलेली बाई कधी बिल फाडते का? पहिली पिशवी छापली तो नांदेडचा छापखाना बंद पडून जमाना झाला. लायसन काढलं ते अलीकडं. हे म्हणाले, साहेब, बाळापूरच्या बाजारात कोणालाबी विचारा. वकील म्हणाले की मुंबईच्या ऑफिसातला अधिकारी बाळापूरच्या बाजारात येणार नाही, त्याच्या टेबलावर जे येईल तेवढंच तो वाचेल. बराबर बोलत होते, म्हणून मला जास्तच राग आला. एवढी वर्षं एक बाई उन्हातान्हात बसली, तिच्या मसाल्यावर दोन पिढ्यांच्या भाज्या झाल्या, आणि कागद नाही म्हणून ते झालंच नाही. आणि ज्यानं एक मिरची कधी हातानं खुडली नाही त्याच्याकडं कागद आहे, म्हणून ते त्याचं.

घरी येऊन मी सासऱ्यांची जुनी लोखंडी पेटी उपसली. रेशनकार्ड, सातबारे, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, आणि सगळ्यांत खाली ती यादी. हळदीकुंकवाचे डाग तपकिरी झाले होते, पण अक्षर ठळक. शेवटच्या ओळीत ‘काळा दोरा मसाल्याच्या छापील पिशव्या’, आणि त्याखाली जावयांच्या वडिलांची सही. म्हणजे लग्नाच्या आधी नाव आमचं होतं, छापलेलं होतं, आणि ते त्यांनी आमच्याकडून मागून घेतलं होतं, हे खुद्द त्यांच्याच बापाच्या सहीनं. मी ती यादी ह्यांच्या तोंडापुढं नाचवली. त्या रात्री मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. मग परत वर जाऊन वाचली. मग घडी घालून टेबलावरून माझ्याकडं सरकवली.

“हा कागद मी पाहिला नाही आणि तुम्ही दाखवला नाही,” ते म्हणाले.

मला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. मसाल्याची ओळ सगळ्यांत खाली आहे. तिच्यावर रोख आहे, मोटारसायकल आहे. हुंडा घेणं गुन्हा आहे तसा देणंही गुन्हा आहे. सासरे आता नाहीत, पण मुलीकडच्या सह्यांत त्यांच्या सहीशेजारी मोठ्या भावाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची सही आहे. कागद पुढं ठेवायचा तर अख्खा ठेवावा लागेल, एक ओळ कापून देता येत नाही. माझ्या शेजारी हे घामाघूम होऊन बसले होते. मी यादी पिशवीत घातली. आमचं नाव आमचं आहे हे सांगणारा जगात एकच कागद, आणि तोच सांगत होता की आम्ही आमची लेक काय काय मोजून दिली. कुणावर चिडावं तेच मला कळेनासं झालं, म्हणून घरी येईपर्यंत ह्यांच्यावर चिडले.

पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी एकटीच सेनगावला गेले. जावई गल्ल्यावर बसले होते. मागं फळीवर पिशव्यांची रांग, आमचंच नाव, आमच्याच गाठीचं चित्र, आणि वर नायलॉनचा काळा दोरा चिकटवलेला. ओढला तर तुटेल, उघडणार नाही. या वैनी, बसा वैनी, अशी साखर पेरून त्यांनी मला खुर्ची दिली. मग समजावणीच्या सुरात सांगायला लागले की नाव असं उघड्यावर ठेवू नये, कुणी बाहेरच्यानं पळवलं असतं तर? आता एकाच्या नावावर राहिलं की काळजी मिटली. तुम्ही आपलं बनवत राहा, मी विकत राहतो, दोन्ही घरं एकच तर आहेत.

मी म्हणाले, “दाजी, बाहेरच्यानं पळवलं असतं तर मी ठाण्यात गेले असते. तुमी पळवलं म्हणून इथं खुर्चीवर बसून ऐकून राहिले.”

त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. “पळवलं कुठं? यादीत तुमीच लिवून दिलं. माझ्यापाशी बी एक प्रत हाय,” ते म्हणाले, आणि गल्ला बंद करत, “काढायची का भाईर?”

त्यांना ठाऊक होतं. आम्ही ती यादी कधीच बाहेर काढू शकणार नाही हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं. घेणाऱ्याची ही हिंमत, आणि देणाऱ्याची दातखीळ बसलेली. आतल्या दारात नणंद चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं बघितलं, एक शब्द बोल म्हणून बघितलं, तर तिनं नजर खाली घातली आणि कप ठेवून आत गेली. खरं सांगते, त्या दिवशी मला जावयापेक्षा तिचा राग जास्त आला. ज्या आईनं ओटी भरभरून दोरा दिला तिच्यासाठी हिच्या तोंडून एक शब्द फुटू नये? चहा न पिताच मी उठले. परत येऊन सासूला सगळं सांगितलं, तुमची लेक अशी न् तशी म्हणून. सासूची टकळी थांबली नाही. एवढंच म्हणाली, “तिला तिथं ऱ्हायचंय.”

मुदतीतला एकच आठवडा राहिला असेल आणि नणंद आमच्या दारात उभी. सण नाही, सुट्टी नाही, घरात कुणी आजारी नाही. सासरी गेलेली लेक अशी आडवारी येत नाही, आली तर शेजारी दारं उघडून बघतात. ती सरळ ओसरीवर आईशेजारी जाऊन बसली आणि कातायच्या लोकरीचा पेळू मोकळा करायला लागली. मी पाणी दिलं ते मुकाट्यानं, माझा राग अजून उतरला नव्हता.

“वैनी, यादी जाळून टाका,” ती म्हणाली. “कागद नसला तर माणूस चालतो का तेवढं वकिलाला इचारा. ती गाठ मी आईपाशी शिकले तवा मी शाळेत बी जात नव्हते. लग्नाच्या आधी बाजाराच्या सगळ्या पुड्या मीच बांधायची. सासरी ते कोणालाच येत नव्हतं. मीच त्यांना दाखवलं. हे मी लिवून देते.”

मी विचारलं, घरी सांगितलं का. ती म्हणाली, सांगितलं. पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. तिच्या मनगटावर बांगड्या कमी होत्या, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. सेनगावहून येऊन तिच्याबद्दल मी जे जे बोलले होते ते सगळं मला तिथं उभ्या उभ्या आठवत होतं.

वकील म्हणाले, माणूस चालतो. जावयाची स्वतःची बायको सांगते म्हटल्यावर तर फारच चालतो. आम्ही चौघं त्यांच्या ऑफिसात गेलो, मी, हे, नणंद आणि सासू. आधी नणंदेचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. वकिलांनी तिला गाठ मारून दाखवायला सांगितली. तिनं टेबलावर दोन पिशव्या बांधल्या, एका हातानं टोक ओढून उघडल्या, पुन्हा बांधल्या. वकिलांनी मोबाईलमध्ये फोटो काढले. ते गंभीर तोंडाचे वकीलही एकदा स्वतः टोक ओढून बघायला लागले. मग त्यांनी हरकतीचा अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. हरकत घेणारा, म्हणजे नावाचा खरा मालक, म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव. अमुक वर्षापासून नाव वापरणारा, तेही तेच.

नणंदेनं हातातला पेन खाली ठेवला.

“दादा, हे तुझं नाव काहून?”

हे गडबडले. म्हणाले, लायसन माझ्या नावावर, चक्की माझ्या नावावर, लाईटबिल माझ्या नावावर, म्हणून सोयीचं आपलं. नावापुरतं नाव. मग सवयीनं म्हणाले, घरचंच हाय.

“हेच माझा नवरा बी म्हणून राहिला,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी आईसाठी आले, दादा. तुझ्यासाठी न्हाई आले. आईचं नाव टाका, न्हाईतर मी सही करत न्हाई.”

 मी कुठं बघावं ते मला कळेना. गेला महिनाभर मी बाळापूरपासून सेनगावपर्यंत ओरडत फिरले होते, आमचं नाव, आमचं नाव. चाचांवर ओरडले, जावयावर ओरडले, ह्यांच्यावर ओरडले. आणि ‘आमचं’ म्हणजे कुणाचं हे एकदाही बघितलं नव्हतं. ह्यांचं आधारकार्ड त्या अर्जासाठी मीच आणून दिलं होतं, पिशवीत सुरकुती पडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून. जावयानं केलं तेच आम्ही करत होतो, फक्त तो सेनगावात बसून करत होता आणि आम्ही तिच्याच घरात राहून. माझी मला अशी शरम वाटली की त्या शरमेचाही राग आला. सासू टेबलावरच्या दोऱ्याचं टोक बोटानं सरळ करत होती, जसं काही बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

वकिलांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी टेबलावरचं आपलं आधारकार्ड उचलून परत पिशवीत ठेवलं. मग घसा साफ करून आईचं पूर्ण नाव सांगितलं, आणि वकिलांनी आधीचं नाव खोडून ते टाईप केलं. सासूला सही येते. वेळ लागतो, पण येते. तिनं सगळ्या पानांवर केली, आणि तिच्यामागून नणंदेनं आपल्या प्रतिज्ञापत्रावर.

नणंद त्याच संध्याकाळी सेनगावच्या गाडीत बसली. मी म्हटलं, राहा चार दिवस. ती म्हणाली, लेकरं हायती तिथं. यंदा पंचमीला ती आली नाही, दिवाळीलाही आली नाही. तुझ्या आईचं नाव घे नाहीतर माझं घे, असं तिला सांगितलंय म्हणे. फोन केला की दोन मिनिटं बोलते आणि ठेवते. ज्या बाईनं खरं सांगितलं तिचं माहेर तुटलं, आणि ज्यानं शपथेवर खोटं लिहून दिलं तो आजही गल्ल्यावर बसून वैनी-वैनी करत असेल. तिच्या वाटणीचा दोऱ्याचा गुंडा सासूनं कातून खुंटीला टांगून ठेवलाय, त्याला आम्ही कुणी हात लावत नाही. हरकतीचा निकाल लागायचाय. वकील म्हणतात, वर्षं लागतील.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, चक्की चालू, मिरचीचा खकाणा उडत होता, माझ्या तोंडाला फडकं बांधलेलं. दारात पोस्टमनची गाडी थांबली. माणूस नवा होता, बदलून आलेला. त्यानं हातातलं पाकीट उंच धरून एका बाईचं नाव पुकारलं आणि इथंच राहते का म्हणून विचारलं. चक्कीच्या आवाजात मला नुसतं नावच ऐकू आलं, आणि या नावानं आमच्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नाही. मी चक्कीपासूनच हात हलवला आणि ओरडून सांगितलं, इथं कोणी न्हाई ह्या नावाचं, पुढच्या गल्लीत विचारा. तो गाडी वळवायला लागला.

ओसरीवरची सासू, जिला मी चार वेळा जेवायला हाक मारते तेव्हा एकदा ऐकू येतं, ती टकळी खाली ठेवून खांबाला धरून उभी राहिली.

“थांबव त्याला,” ती म्हणाली. “ते माझं नाव हाय.”

मी पदर खोचून गल्लीच्या तोंडापर्यंत पळत गेले आणि त्याला परत आणलं. तिनं सावकाश सही केली, पाकीट घेतलं आणि माझ्या हातात दिलं. वाच म्हणाली. आमच्या हरकतीला जावयाच्या वकिलानं दिलेलं उत्तर होतं, इंग्रजीत. मी चक्की बंद केली आणि माझ्या बारावीच्या इंग्रजीत अडखळत वाचायला लागले. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की हरकत घेणाऱ्या या बाईचा ‘काळा दोरा’ या नावाशी कधीही काहीही संबंध नव्हता, आणि त्या धंद्यात अशा नावाची बाई कुणाला ठाऊक नाही.

जावयाला शिव्या घालायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. सासू समोर उभी राहून विचारत होती, काय लिवलंय. पाच मिनिटांपूर्वी दारातून ओरडून मी पोस्टमनला जे सांगितलं होतं, तेच लिहिलं होतं.